नाव ठेवणे : समवयस्कांच्या छळाचे कथनरूप

१

मराठीत ‘नाव ठेवणे’ या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ रूढ आहेत. बारशाला मुलाचे नाव ठेवतात. आणि एखाद्याच्या रूपाला, चालीला, कुळाला नावे ठेवतात. पहिल्या क्रियेने व्यक्ती समाजात दाखल होते, दुसरीने तिला त्याच समाजातील तिची पायरी दाखवून दिली जाते. शाळेच्या वर्गात या दोन्ही क्रिया एकत्र येतात. हजेरीपटावरचे नाव एक असते आणि मधल्या सुटीत ज्या नावाने हाक येते ते दुसरे असते. किशोरवयीन मुलाला हे दुसरे नावच अधिक खरे वाटू लागते, कारण ते वडीलधाऱ्यांनी दिलेले नसून बरोबरीच्यांनी ठरवलेले असते. समवयस्कांकडून होणारा छळ हा केवळ वर्तनाचा प्रश्न नसून भाषेचा आणि म्हणून साहित्याचाही प्रश्न आहे, या विधानाला येथे आधार मिळतो.

या छळासाठी मराठीत एक नेमका शब्द नाही. ‘चेष्टा’, ‘टवाळी’, ‘टिंगल’, ‘चिडवणे’, ‘दमदाटी’, ‘दादागिरी’ असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द अनुभवाचा एकेक तुकडा उचलतो. ‘दादागिरी’ हा शब्द तर विशेष बोलका आहे. ज्याने पाठराखण करावी तो थोरला भाऊ आणि ज्याची दहशत वाटावी तो दांडगा, या दोघांसाठी भाषेने एकच संबोधन वापरले आहे. ‘मस्करीची कुस्करी’ या वाक्प्रचारात थट्टेला सीमा असते हे मान्य केलेले दिसते. पण ती सीमा ओलांडली गेल्याचा दोष पुष्कळदा थट्टा करणाऱ्यापेक्षा ती मनाला लावून घेणाऱ्याच्या पदरात पडतो. ‘वाळीत टाकणे’ हा शब्द जातिपंचायतीच्या व्यवहारातून आला. बहिष्कार हा अपराध ठरवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये संमत केला; वर्गातील बाकावर चालणाऱ्या बहिष्काराला मात्र ‘कट्टी’ हे लडिवाळ नाव आहे. ‘रॅगिंग’ या शब्दाला १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात स्थान मिळाले, पण त्याचा संबंध प्रामुख्याने महाविद्यालये व वसतिगृहे यांच्याशी जोडला गेला. शब्दांची अशी विपुलता असूनही अनुभवाला एकसंध नाव नसावे, ही बाब सहज सोडून देण्यासारखी नाही.

मानसशास्त्रालाही हे नाव तसे उशिराच सापडले. स्वीडनमधील पेटर-पाउल हाइनेमान यांनी १९६९ मध्ये शाळकरी मुलांच्या संदर्भात ‘मॉबिंग’ ही संज्ञा वापरली. ती कोनराड लोरेंझ यांच्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून घेतलेली होती. डॅन ओल्व्हेउस यांनी १९७३ पासून केलेल्या संशोधनाने झुंडीच्या या प्रतिमेला मुरड घातली. पुनरावृत्ती, हेतुपूर्वकता आणि बळातील विषमता ही तीन लक्षणे त्यांनी मध्यवर्ती मानली. १९९६ मध्ये क्रिस्टिना साल्मिवाल्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील वर्गांचा अभ्यास करून दाखवले, की छळ ही दोघांमधील घटना नसते. छळणाऱ्याला हातभार लावणारे, हसून दाद देणारे, बाजूला राहणारे आणि पीडिताची कड घेणारे अशा भूमिका वर्गात वाटलेल्या असतात. परिणामांविषयीही आज पुष्कळ ज्ञात आहे. चिंता, खिन्नता, निद्रानाश, शाळा टाळणे, स्वतःविषयीची घृणा, तसेच छळलेल्यानेच पुढे छळणारा होणे, ही त्यांतील काही रूपे. १९५८ मध्ये जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणीच्या छळाच्या खुणा वयाच्या पन्नाशीपर्यंत आढळल्या.

मग कादंबरीकडे कशासाठी वळायचे? मानसशास्त्राने नंतर सिद्ध केले ते साहित्याने आधीच सांगून ठेवले होते, हे उत्तर साहित्याला संतोष देणारे असले तरी अपुरे आहे. त्यामुळे कादंबरी ही संशोधनाची कच्ची प्रत ठरते. प्रश्नावली गेल्या काही महिन्यांत काय घडले हे विचारते. कथन वेगळे प्रश्न विचारते : हे कोण सांगत आहे, ते कोठे उभे राहून पाहत होते, आणि ज्याला भाषाच उरू दिली नाही त्याच्या वतीने कोणती भाषा वापरली जात आहे? छळाचा परिणाम कथनाच्या रूपबंधात उमटतो, म्हणूनच समीक्षेला त्यात काही बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

२

शाळेची कादंबरी हा प्रकार रुजवण्यात टॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ (१८५७) या कादंबरीचा वाटा मोठा आहे. रग्बी शाळेत फ्लॅशमन हा दांडगा विद्यार्थी लहान मुलांना छळतो. टॉमला तो पेटत्या शेकोटीसमोर धरून भाजतो. कादंबरीची नैतिक रचना मात्र या यातनेला फार काळ थांबू देत नाही. टॉम आणि त्याचा मित्र ईस्ट दोघे मिळून फ्लॅशमनला भिडतात, त्याला नमवतात आणि यातनेचे रूपांतर चारित्र्यशिक्षणात होते. पुढे फ्लॅशमनला शाळेतून काढले जाते, ते छळाबद्दल नव्हे. मद्य पिऊन सापडल्याबद्दल. संस्थेच्या दृष्टीने शिस्तभंग दिसतो, यातना दिसत नाही. कादंबरी हा भेद टीकेच्या स्वरात मांडत नाही, आणि म्हणूनच तो अधिक बोलका आहे. ‘मुले अशीच घडतात’ या समजुतीला या कथनप्रकाराने प्रतिष्ठा दिली. पीडिताने बलवान होऊन प्रतिकार करणे हाच येथे कथेचा शेवट असतो. जो बलवान होऊ शकत नाही त्याच्यासाठी या रूपबंधात जागाच नाही.

रॉबर्ट म्यूझिल यांच्या १९०६ मधील ‘ट्योर्लेस’ या कादंबरीने ही रचना मोडली. ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याच्या पूर्वेकडील एका निवासी शाळेत बासिनी हा मुलगा चोरी करताना सापडतो. रायटिंग आणि बाइनेबेर्ग हे दोघे विद्यार्थी ते अधिकाऱ्यांना कळवत नाहीत; ते गुपित हाताशी धरून त्याला माळ्यावरच्या खोलीत छळतात. रायटिंगला सत्तेचा सराव करायचा आहे. बाइनेबेर्गचे कारण अधिक चमत्कारिक आहे. त्याच्या वडिलांनी हिंदुस्थानात इंग्रजांच्या सैन्यात नोकरी केली होती आणि तेथून बौद्ध विचारांचे अर्धेमुर्धे संस्कार आणले होते. त्या तत्त्वज्ञानाच्या आधाराने बाइनेबेर्ग बासिनीला माणूसच मानत नाही. तो त्याच्या लेखी आत्म्याच्या प्रयोगाचे साधन आहे. करुणेचे तत्त्वज्ञान क्रौर्याच्या समर्थनाला कसे जुंपले जाते, हे भारतीय वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहावे.

परंतु म्यूझिल यांनी निवेदनाचा केंद्रबिंदू या तिघांपैकी कोणावरही ठेवलेला नाही. तो ट्योर्लेसवर आहे. ट्योर्लेस पाहतो, काही प्रमाणात सहभागी होतो, आणि बासिनीला सतत विचारत राहतो : तुला आतून काय वाटते? हा प्रश्न सहानुभूतीचा वाटला तरी तसा नाही. त्याला बासिनीच्या दुःखाशी कर्तव्य नाही. त्याच्या स्वतःच्या मनात उघडलेल्या अंधाराची त्याला उत्सुकता आहे. गणितातील काल्पनिक संख्यांनी तो ज्या प्रकारे अस्वस्थ होतो त्याच प्रकारे तो बासिनीच्या मानखंडनेने अस्वस्थ होतो. शेवटी चौकशी होते. ट्योर्लेस शिक्षकांसमोर जे बोलतो ते त्यांना कळत नाही आणि त्याला शाळेतून दूर केले जाते. बासिनीची हकालपट्टी होते. बासिनीचे पुढे काय झाले, हे कादंबरी सांगत नाही.

या मौनाचा अन्वयार्थ दोन प्रकारे लावता येतो. म्यूझिल यांना साक्षीदाराची जाणीवच अभिप्रेत होती, म्हणून बासिनी गौण राहिला, हा एक. दुसरा असा, की कादंबरीने स्वतःच ट्योर्लेसची दृष्टी पत्करली आणि पीडिताला विचाराचा कच्चा माल म्हणून वापरले. दुसरा अन्वयार्थ कठोर असला तरी टाळता येत नाही. साक्षीदाराची आंतरिक समृद्धी पीडिताच्या दारिद्र्यावर उभी राहते, हे या श्रेष्ठ कादंबरीचे वैशिष्ट्य आहे आणि मर्यादाही. साल्मिवाल्ली यांच्या वर्गवारीत ‘बाजूला राहणारा’ ही एक निष्क्रिय भूमिका आहे. म्यूझिल दाखवतात, की बाजूला राहण्यातही एक सक्रिय उपभोग असतो.

३

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीचे वाचन बहुधा मानवी स्वभावातील मूळ दुष्टाव्याचे रूपक म्हणून होते. रूपकाच्या या घाईत एक साधी गोष्ट निसटते. कादंबरी सुरू होते ती एका टोपणनावाच्या विश्वासघाताने. जाड, दमेकरी, चष्मा लावणारा मुलगा राल्फला विश्वासात घेऊन सांगतो, की शाळेत आपल्याला ‘पिगी’ म्हणत. आता ते नाव येथे कोणाला कळू नये. राल्फ हसतो आणि थोड्याच वेळात सर्वांसमोर ते सांगून टाकतो. सगळी मुले हसतात, आणि त्या हशाने काही क्षणांपूर्वी एकमेकांना अनोळखी असलेली मुले एक समूह बनतात. पिगी त्या समूहाबाहेर उभा आहे. किंबहुना तो बाहेर आहे म्हणूनच आतले सगळे आत आहेत.

हे सांगणारा राल्फ आहे, जॅक नव्हे. पुढील सर्व क्रौर्य जॅक आणि रॉजर यांच्या नावावर जमा होत असले तरी समूहाची पहिली वीट कथेतील सज्जन नायकाने रचली आहे. चष्म्याची काच फुटणे, चष्मा चोरीला जाणे आणि अखेर कड्यावरून लोटलेल्या शिळेने पिगीचा आणि शंखाचा एकाच वेळी चुराडा होणे, या पायऱ्या त्या हशापासून सुरू होतात. पिगीचे खरे नाव वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही. शेवटी राल्फ रडतो तेव्हाही तो ज्याच्यासाठी रडतो त्याला त्याच्या मनात तेच नाव आहे. निवेदकानेही दुसरे नाव शोधले नाही. वाचक शेकडो वेळा ते टोपणनाव वाचतो आणि वाचता वाचता नकळत त्या पहिल्या हशात सामील होतो. पर्सिव्हल नावाचा लहानगा सुरुवातीस आपले नाव आणि पत्ता मंत्रासारखा म्हणतो. सुटकेच्या क्षणी त्याला आपले नावही आठवत नाही. नाव विसरणे आणि नाव नाकारले जाणे या दोन टोकांच्या मध्ये गोल्डिंग यांनी नागरी समाजाची पडझड बसवली आहे.

गोल्डिंग यांच्या मांडणीत एक त्रुटीही आहे. पिगीची बोलण्याची ढब इतरांहून वेगळी आहे. ती त्याच्या खालच्या सामाजिक वर्गाची खूण आहे. कादंबरी ही खूण नोंदवते, पण तिचा विचार करत नाही. बेट निर्मनुष्य असल्यामुळे क्रौर्य ‘निसर्गातून’ उगवल्याचा भास निर्माण होतो. वस्तुतः मुलांनी इंग्लंडमधील शाळा आणि तेथील वर्गभेद बरोबर आणले आहेत. ‘पिगी’ हे नाव बेटावर जन्मलेले नाही. मुले समवयस्क असतात, म्हणून समान असतात असे नाही.

४

छळाच्या कथनात पीडितालाच निवेदक करणे ही मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘कॅट्स आय’ (१९८८) या कादंबरीची निवड आहे. इलेन रिस्ली ही पन्नाशीच्या उंबरठ्यावरील चित्रकार आपल्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी टोरोंटोला परतते आणि बालपण तिच्यासमोर उभे राहते. कॉर्डेलिया, ग्रेस आणि कॅरल या तीन मैत्रिणी तिला ‘सुधारत’ असतात. मारझोड जवळपास नाही. चालणे, बसणे, बोलणे, हसणे यांवर शेरे आहेत. मैत्री काढून घेण्याची धमकी आहे. आणि हे सारे तुझ्याच भल्यासाठी, असा सूर आहे. मुलांच्या छळावर भर देणाऱ्या परंपरेत मुलींमधील या अदृश्य यंत्रणेला कादंबरीच्या मध्यभागी आणणे, हे ॲटवुड यांचे योगदान आहे.

वर्तनातील परिणाम येथे निदानाच्या भाषेत येत नाहीत, शरीराच्या भाषेत येतात. इलेन रात्री पायांच्या तळव्यांची साल सोलते; चालताना दुखते, आणि त्या दुखण्यात तिला धरून ठेवायला काहीतरी मिळते. प्रसंगातून बाजूला होण्याचा मार्ग म्हणून ती मूर्च्छा येण्याची कला शिकते. कॉर्डेलिया तिची टोपी ओढ्यात फेकते. ती आणायला उतरलेली इलेन बर्फ फुटून पाण्यात पडते आणि मैत्रिणी निघून जातात. यानंतर इलेन त्यांच्यापासून दूर होते. पण कादंबरीचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण यापुढचे आहे. इलेन हे सगळे विसरते. पौगंडावस्थेत तीच कॉर्डेलियाची मैत्रीण आहे, आणि आता जीभ इलेनची तिखट झालेली आहे. कॉर्डेलिया ढासळत जाते. मनोरुग्णांच्या निवाऱ्यातून पळून जाण्यासाठी ती मदत मागते तेव्हा इलेन नकार देते.

छळलेलीने छळणारी होणे हा मानसशास्त्राने नोंदवलेला क्रम येथे आहे. पण ॲटवुड त्याला सूडाचे सुबोध रूप देत नाहीत. स्मृती नसताना सूड कसा घेता येईल? इलेनची भाषा बदलली, तिचे कारण तिच्याच नजरेआड राहिले. पुष्कळ वर्षांनी जुन्या पेटीतील पर्समध्ये मांजराच्या डोळ्यासारखी गोटी सापडते तेव्हा विसरलेले आयुष्य परत येते. दरम्यान ग्रेसच्या आईची, श्रीमती स्मीथ यांची, कुरूप चित्रे ती काढत राहिली होती. इलेनच्या वाट्याला आलेले तिने भोगलेच पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे तिने लहानपणी ऐकले होते. म्हणजे मुलींच्या छळामागे एका प्रौढ स्त्रीची धार्मिक संमती होती. हात समवयस्कांचे, संमती वडीलधाऱ्यांची, हा आकृतिबंध पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

कथनरूपाच्या दृष्टीने बालपणाचे प्रसंगही ॲटवुड वर्तमानकाळात सांगतात. स्मरणरंजनाला लागणारे अंतर त्यामुळे तयारच होत नाही. भूतकाळ संपलेला नाही, हे विधान करण्याऐवजी क्रियापदाचा काळच ते सांगतो.

५

या पार्श्वभूमीवर मराठी कथनात्म साहित्याकडे पाहिले असता एक दुभंग दिसतो. शाळा आणि बालपण यांविषयीच्या लेखनाची मुख्य धारा स्मरणरंजनाची आहे. गुरुजींच्या छड्या, मित्रांच्या खोड्या, टोपणनावांची गंमत हे तिचे ठरलेले साहित्य. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी या धारेतील बऱ्याच लेखनाहून पुष्कळ सजग आहे. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मुकुंद जोशीचे प्रथमपुरुषी निवेदन, अर्धवट कळलेले प्रेम आणि सत्ता यांचा मेळ तिने उत्तम साधला. तिच्यातील मित्र एकमेकांच्या नावांची मोडतोड करतात ती जवळिकीची खूण म्हणून. मराठीतील ‘-या’ हा प्रत्यय सलगीही दाखवतो आणि तुच्छताही. फरक ठरतो तो कोण कोणाला म्हणतो यावरून. टोळीच्या आतून सांगितलेल्या कथेत त्याचा सलगीचा अर्थ ऐकू येतो. टोळीच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलाला तोच प्रत्यय कसा ऐकू येत असेल, हे अशा निवेदनाच्या कक्षेबाहेर राहते. हा ‘शाळा’चा दोष नव्हे, निवेदकाच्या जागेचा तो परिणाम आहे. प्रश्न आहे तो त्या जागेवरूनच बहुतेक शाळा का सांगितली गेली, हा.

दुसरी जागा मराठीत दलित आत्मकथनांनी घेतली. येथे ‘नाव ठेवणे’ या क्रियेचे दोन्ही अर्थ अक्षरशः एक होतात. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे चिडवण्याचे नाव बारशालाच ठेवले जावे, अशी ही व्यवस्था. वर्गातील मुलांना टोपणनाव शोधण्याचे कष्टही उरत नाहीत. हजेरीपट वाचला की पुरे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये निवेदनाची रचनाच नावावर उभी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. एकच व्यक्ती दोन नावांत विभागली गेली आहे. एक नाव सोसणारे, दुसरे लिहिणारे. ही युक्ती केवळ रचनेची नाही. ज्याला लहानपणी दिलेल्या नावाची लाज वाटायला शिकवले गेले त्याला ‘मी’ हे सर्वनाम सरळ वापरता येत नाही, ही मानसिक वस्तुस्थिती त्या रचनेत उमटली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) चे शीर्षक आणखी पुढे जाते. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे भरले तर एक मासा कमी. अनौरस संततीला ‘अक्करमाशी’ म्हणताना तिचे माणूसपण तराजूत घालून एक मासा कमी ठरवले गेले. बाप पाटील आणि आई महार असलेल्या मुलाला शाळेत घालताना वडिलांचे नाव कोणते लावायचे, हाच प्रश्न होता. ज्याला नावच धड नाही त्याला नाव ठेवणे फार सोपे असते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) यांची शीर्षकेही अशीच आहेत. समाजाने दिलेले हिणकस नाव या लेखकांनी उचलून मुखपृष्ठावर छापले. पिगीला जे करता आले नाही ते येथे घडते : ठेवलेल्या नावाचा निवेदक होणे.

येथे एक आक्षेप संभवतो. जातीय अत्याचाराला ‘समवयस्कांचा छळ’ म्हणणे म्हणजे शतकांच्या हिंसेला शाळकरी खोडीच्या पातळीवर आणणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. अस्पृश्यता ही वर्तनसमस्या नाही. ती व्यवस्था आहे. वर्गातल्या मुलांना समुपदेशन करून ती जात नाही. परंतु या आक्षेपाच्या दबावाखाली मराठी समीक्षेने उलट दिशेची चूक केली. या आत्मकथनांचे वाचन प्रामुख्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून झाले. भाकरी, पाणी, वेठबिगार यांची नोंद घेतली गेली. आठ-दहा-बारा वर्षांच्या मुलाचे अंतर्मन मात्र ‘समाजदर्शन’ या सदरात विरून गेले. शाळेच्या रस्त्यावर त्याला पोटात गोळा का येतो, मैत्री करताना तो आधी आडनाव का लपवतो, हुशारी दाखवावी की दडवावी हे तो कसे ठरवतो, आपल्याच आईवडिलांची लाज वाटून नंतर त्या लाजेची लाज त्याला कशी वाटते, हे प्रश्न साहित्याचे आहेत. सवर्ण पात्राला मानसशास्त्र आणि दलित पात्राला समाजशास्त्र, अशी वाटणी समीक्षेने नकळत केली. तिला दोन्ही हातांनी वाचता आले पाहिजे. ओल्व्हेउस यांच्या व्याख्येतील ‘बळातील विषमता’ ही संज्ञा येथे उपयोगी पडते, पण तिला एक प्रश्न जोडूनच : हे बळ कोणाकडून उसने आणले आहे? श्रीमती स्मीथ यांची संमती जशी मुलींच्या हातात आली होती, तशी गावाची संमती गावातील मुलांच्या हातात असते. मुलगा एकटा दांडगाई करत नाही. त्याच्या मुठीत वाड्याची, पारावरची, पंगतीची शक्ती असते. म्हणून मार खाणाऱ्या मुलाला प्रतिकार करताना केवळ त्या मुलाशी लढायचे नसते. ‘टॉम ब्राउन’चा शेवट येथे उपलब्ध नाही.

६

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा चित्रपट साहित्यकृती नसला तरी या विवेचनातील सर्व धागे त्यात एकत्र येतात. शीर्षक पुन्हा एक ठेवलेले नाव आहे. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. घरातल्या भाषेतला साधा शब्द बाहेरच्यांच्या तोंडी शिवी होतो. गावातील डुकरे पकडण्याचे काम जब्याच्या कुटुंबाकडे आहे, आणि शाळकरी जब्याला ज्या मुलीसमोर आपण चांगले दिसावे असे वाटते तिच्यासह सगळा वर्ग अखेरच्या प्रसंगात डुकरामागे धावणाऱ्या त्या कुटुंबाचा तमाशा पाहतो. गोल्डिंग यांच्या बेटावरही डुकराची शिकार आहे आणि डुकराच्या नावाने हिणवलेला मुलगा आहे. साम्य योगायोगाचे असेल, पण भेद अर्थपूर्ण आहे. बेटावर शिकार करणारे सत्ताधारी होतात आणि ‘पिगी’ बळी ठरतो. गावात डुक्कर पकडणे हीच हीनतेची खूण आहे. पकडणारा आणि हिणवला जाणारा एकच आहे. बेटावर समाज कोसळल्यावर क्रौर्य सुरू होते. गावात समाज सुरळीत चालू असताना, शाळेची घंटा वाजत असताना, भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे असताना ते चालते. राष्ट्रगीत सुरू होताच धावणारे कुटुंब जागीच स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर हातचे निसटते. व्यवस्थेचा आदर राखणारा येथे छळला जाणाराच आहे.

शेवटी जब्या दगड उचलतो. आधी ते चिडवणाऱ्यांवर पडतात; अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. या दगडाची चर्चा बहुधा विद्रोहाचे प्रतीक म्हणून होते. कथनरूपाच्या दृष्टीने त्याचे कार्य अधिक नेमके आहे. तो साक्षीदाराला उद्देशून आहे. ट्योर्लेसने माळ्यावर उभे राहून पाहिले, बेटावरील मुले हसली, इलेनच्या मैत्रिणी पुलावरून निघून गेल्या. वाचक या सर्वांच्या मागे अंधारात सुरक्षित बसला होता. ‘फँड्री’ त्याची ती जागा काढून घेतो. अंतिम प्रसंगात गावकरी जसे कडेला बसून पाहत आहेत तसाच प्रेक्षकही पाहत होता, आणि मधूनमधून हसलाही होता.

पण दगडावर थांबून चालणार नाही. दगड हे वाक्य नव्हे. जब्याच्या मनावर आणि वर्तनावर या दिवसाचा परिणाम काय झाला, हे चित्रपट सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नाही. ती जबाबदारी पुन्हा लिखित कथनाकडे येते. इलेनला आठवायला चाळीसेक वर्षे लागली. दगडूला आपली कहाणी सांगण्यासाठी स्वतःचे दोन भाग करावे लागले. छळाचे कथन उशिरा येते, तुटक येते, पुष्कळदा दुसऱ्याच्या नावाने येते. या उशिराला आणि तुटकपणाला रचनेतील दुबळेपणा समजण्याची सवय समीक्षेला आहे. आत्मकथनांवर ‘विस्कळीत’ असा शेरा वारंवार मारला गेला तो या सवयीतूनच. वस्तुतः तो विस्कळीतपणा हाच कित्येकदा परिणामाचा पुरावा असतो. त्याचे मूल्यमापन बांधेसूदपणाच्या कसोटीवर करण्यापूर्वी, कोणत्या नावाने हाक मारल्यावर हे वाक्य मध्येच तुटले, हे विचारले पाहिजे.

त्याच न्यायाने स्मरणरंजनाच्या धारेलाही पुन्हा वाचावे लागेल. मराठीतील रम्य शाळांच्या आठवणींत मागच्या बाकावर बसलेला, एका ओळीत उल्लेखिलेला आणि एखाद्या गमतीदार टोपणनावाने निकालात काढलेला एक मुलगा वा मुलगी असतेच. लेखकाने त्या नावावर वाचकाला हसवलेले असते. त्या मुलाचे हजेरीपटावरचे नाव काय होते, ही चौकशी समीक्षेच्या कामाचा भाग आहे. ज्या संहितेला ते नाव सांगता येत नाही तिचा रम्यपणा किती खरा, हे त्यावरून ठरवता येईल.